स्वतःविषयी थोडे सांगा

माणसाची खरी पारख पाच मिनिटांत होते, हे मी उभ्या आयुष्याच्या अनुभवावरून ठामपणे सांगू शकतो. निदान आमच्या कचेरीत तरी ती पाच मिनिटांतच होत असे. कारण बाहेरचा व्हरांडा उमेदवारांनी भरलेला असे आणि समितीला एक वाजता जेवायला जायचे असे.

कचेरी यवतमाळची, आणि मी तिच्या आस्थापना शाखेतला बाबू. आस्थापना म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचे तर नेमणुका, बदल्या, रजा आणि रुसवे. जिल्ह्यातल्या शेकडो माणसांच्या नेमणुकीचे कागद माझ्या हातून गेले. माझी स्वतःची पारख मात्र कोणी केली नव्हती. आमच्या घरातली पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतच जात. वडिलांनी मला ओळखीच्या एका साहेबांसमोर उभे केले, "अक्षर बरं आहे," एवढे सांगितले आणि मी नोकरीला लागलो. पुढे छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि साठ साली महाराष्ट्रात आला. खुर्चीवरून न उठता मी तीन राज्यांची सेवा केली. प्रत्येक वेळी कपाटे, पंखे आणि कर्मचारी यांची एकत्रच मोजदाद झाली आणि तीत मीही मोजला गेलो. तरी मनात एक धाकधूक कायम होती. एखाद्या दिवशी वरून कोणीतरी येईल, माझ्याकडे बोट दाखवून विचारील, "हे कोण? यांना कोणी घेतलं?" आणि मला उत्तर देता येणार नाही.

अशा माणसाकडे दुसऱ्यांच्या मुलाखतींची व्यवस्था आली. सरकारी कारभारात हे असेच चालते.

प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखती मे महिन्यात होत, शाळा उघडण्याआधी. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असत आणि शिपाई त्यांवर पाणी मारी. आत समितीला गारवा आणि बाहेर उमेदवारांना वाळ्याचा वास, अशी वाटणी होती. उमेदवार पार ढाणकीपासून पांढरकवड्यापर्यंत कुठूनही, पहाटेच्या मोटारीने, डोक्यावर धूळ घेऊन येत. माझे टेबल दाराशी होते. मी नावे पुकारायची आणि समितीने गुण सांगितले की लिहून घ्यायचे. अर्धा आत, अर्धा बाहेर बसल्यामुळे मला प्रत्येक माणसाचे दोन चेहरे दिसत. व्हरांड्यात ज्याच्या तोंडाला कोरड पडलेली असे, तोच उंबरा ओलांडताना छाती काढी. 'आत्मविश्वास' हा शब्द त्याच सुमारास आमच्याकडे येऊन पोचला होता. त्याआधी त्याला आगाऊपणा म्हणत.

समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब जिल्हा परिषदेवर निवडून आलेले होते. दारव्ह्याकडचे कपाशीवाले शेतकरी, अंगाने भरदार, आवाज असा की सभेत त्यांना कर्णा लागत नसे. पहिल्या मुलाखतींच्या दिवशी त्यांनी मला लवकर बोलावून घेतले आणि दार लोटायला सांगितले.

"बाबू, काय इचाराचं जी या पोराइले?"

"आपल्याला योग्य वाटेल ते, भाऊसाहेब."

"योग्य मले काय वाटन? मी चौथी पास. हे मॅट्रिक झालेले. मी जल्मात मुलाखत देल्ली नाही. लोकाइनं हार घातला अन् बसवलं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "कधी कधी वाटते, कोणी येईन अन् म्हणन, ऊठ बे तिथून."

हा माणूस माझ्याच मनातले बोलत होता, पण बाबूने अध्यक्षाला असे सांगायचे नसते. मी म्हणालो, "भाऊसाहेब, खुर्ची तुमची आहे."

"खुर्ची कचेरीची हाय. मी निरा बसून राह्यलो."

मी त्यांना एक प्रश्न दिला: 'स्वतःविषयी थोडे सांगा.' हा प्रश्न कोणालाही विचारता येतो आणि विचारणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक असावे लागत नाही. भाऊसाहेबांना तो फार आवडला. आमच्या कचेरीत तो पुढे इतका रूढ झाला की नवे लोक तो वरून आलेला समजत.

भाऊसाहेबांच्या शेजारी शिक्षण खात्याचे साहेब बसत. ते पुण्याकडचे. शुद्ध बोलत, धुवट कपडे घालत, आणि यवतमाळच्या उन्हाला त्यांनी मनोमन कारणे दाखवा नोटीस दिलेली होती. 'व्यक्तिमत्त्व' या रकान्याचे गुण त्यांच्याकडे. तिसरे एक सभासद होते. त्यांना ताटीचा गारवा मानवत असे आणि ते बहुधा झोपत.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची तो दिवस.

सकाळीच दोन म्हातारे पांढऱ्या पागोट्यांत व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मध्ये एक काळासावळा, उंच, नवा सदरा घातलेला तरुण. आर्णीकडच्या एका तांड्यावरची ही बंजारा मंडळी. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. रेल्वे आली, धंदा बसला, तशी तांड्यांनी गावे केली आणि शेती धरली. दोघांतला एक तांड्याचा नायक, आणि बोलणारा होता तो कारभारी. तांड्याचा निर्णय नायक देतो आणि तोंड कारभाऱ्याचे असते.

"रामराम जी. हा हरसिंग," कारभारी म्हणाला. "सातवी पास हाय. याच्या नोकरीचं सांगाले आलो."

त्या तांड्याची शाळा मला कागदावरून माहीत होती. लोकांनी स्वतः कुडाची भिंत घालून ती उभारलेली. पण बाहेरचा मास्तर तिथे टिकत नव्हता. शेवटचा तर बाजाराच्या दिवशी जो गेला तो बदलीचाच हुकूम घेऊन भेटला. यंदा तिथे राहणारा शिक्षक मिळाला नाही तर शाळा बंद करून जागा दुसरीकडे द्यावी, असे साहेबांनी लिहून ठेवले होते. तांड्यावर सातवी झालेला एकच माणूस होता, आणि तो माझ्यासमोर उभा होता.

"कारभारी, तुम्हाला आत जाता येणार नाही," मी म्हणालो. "त्याचं त्यालाच सांगावं लागतं."

"सोताचं?"

"हो."

कारभाऱ्याने नायकाकडे पाहिले. नायकाने जमिनीकडे. "सोताचं सोतानंच सांगाचं?" कारभारी म्हणाला. "मंग लोकं कायले असतात जी? आमच्यात पंचापुढं ज्याचं काम हाय तो गप बसते. त्याचं दुसरा सांगते. सोताचं सोताले सांगा लागलं, तं समजाव त्याचं कोणी नाही."

मी त्यांना बाकावर बसायला सांगितले.

त्याच बाकावर वसंत बसला होता. यवतमाळचाच, वडील कोर्टात, मॅट्रिक चांगल्या गुणांनी पास. थोडक्यात माझ्याच घराण्याचा नमुना, फक्त नवी आवृत्ती. त्याची तिसरी मुलाखत. आधीच्या दोन्हींत तो बोलताना अडखळला होता, म्हणून या वेळी भाषणच पाठ करून आला होता. रांजणाशी पाणी प्यायला गेला तर पेला हातात थरथरून पाणी सदऱ्यावर. हरसिंगने उठून पेला धरला.

"घोट घोट घ्या जी. कुठचे तुमी?"

"इथलाच."

"इथलेच अन् इतकं भेता? आमी तं बाहीरून आलो."

दोघे बोलत बसले. थोड्या वेळाने पाहतो तो वसंत काडीने धुळीत भाकरी काढून तिचे भाग पाडत होता आणि हरसिंगला अपूर्णांकाची बेरीज समजावत होता. हात थरथरायचे थांबले होते. बाकावरचे दोघे-तिघे माना वाकवून पाहत होते, कारभारीसुद्धा. मी वसंताचे नाव पुकारले आणि भाकरी तशीच राहिली.

आत भाऊसाहेबांनी विचारले, "सोताविषयी थोडं सांगा."

वसंताने भाषण सोडले. "माझ्या अंगी नेतृत्वगुण आहेत. संकटांना मी भीत नाही. बालमनाचा मी सखोल अभ्यास केला आहे." थांबण्याच्या जागा तो विसरला होता, त्यामुळे भाषण मालगाडीसारखे एका दमात गेले. साहेबांनी मान हलवली. गुण बरे पडले. तो बाहेर आला आणि बाकावर कोसळला.

मग हरसिंग. "बसा," साहेब म्हणाले. तो बसला नाही. वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचे म्हणजे काय करायचे, हे त्याला कळेना. दोनदा सांगितल्यावर कडेला टेकला, जणू खुर्ची दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवली आहे.

"सोताविषयी थोडं सांगा."

हरसिंगने खाली पाहिले.

"तुमच्यात कोणते गुण आहेत?" साहेबांनी मदतीचा हात पुढे केला. "शिक्षक म्हणून तुमचीच निवड का करावी?"

हरसिंगने एकदा दाराकडे पाहिले आणि पुन्हा खाली. तो घाबरला होता हे खरे. पण मला व्हरांड्यातले कारभाऱ्याचे बोलणे आठवत होते. चार परक्या वडीलधाऱ्यांसमोर, आपले माणूस दाराबाहेर उभे असताना, 'मी चांगला' असे आपल्याच तोंडाने म्हणायचे? त्याला आम्ही सदरा काढायला सांगितले असते तर त्याला इतकी लाज वाटली नसती.

दाराच्या पडद्यामागून आवाज आला, "साहेब, म्या सांगू काय?"

"हे कोण?" साहेब म्हणाले.

"त्याचे कारभारी," मी म्हणालो.

"उमेदवाराला कारभारी असतो?"

तिसरे सभासद जागे झाले. साहेबांनी पेन्सिल उचलली. ती व्यक्तिमत्त्वाच्या रकान्याकडे निघाली आहे हे मला दिसत होते, आणि तिथे काय पडणार हेही. म्हणजे कुडाची ती शाळाही गेली. तेवढ्यात भाऊसाहेब वैतागून म्हणाले, "बरं, तुह्यं राहू दे बाप्पा! आत्ता तुह्या अगोदर गेला ना पोरगा, त्याचं तं सांगशीन? का त्याचीबी लाज वाटते?"

हरसिंगने मान वर केली. चेहरा एकदम मोकळा झाला.

"त्याचं सांगतो ना जी! लय चांगला हाय तो. मले तुकड्याची बेरीज कधीच समजली नोहती. त्यानं धुळीत भाकर काढून सांगतली, आमच्या कारभाऱ्यालेबी समजली. आत येऊन तो घाईघाई बोलला असन, तं मनावर नका घेऊ. त्याले मोठ्या माणसाचं भेव वाटते. लेकराचं नाही वाटत. काडी हातात आली का त्याचा हात थरथरत नाही. त्याच्या घरी बाप त्याच्याशी बोलत नाही साहेब, दोनदा नापसंत झाला म्हणून. त्याले घ्या. पण तांड्यावर नका पाठवू, कुत्र्याले भेते. मोठ्या गावात द्या, वरच्या वर्गावर. गणित द्या त्याले."

तो बोलतच होता. आम्ही पाच मिनिटांत माणूस पारखत होतो. याने बाकावर बसून पारखला होता, आणि कोणता वर्ग द्यावा तेही सांगत होता.

"अरे, पण मग तुम्हाला का घ्यावं?" साहेबांनी विचारले.

हरसिंग पुन्हा खाली पाहू लागला. "त्याचं कारभारी सांगतीन जी."

भाऊसाहेब मोठ्याने हसले आणि मला म्हणाले, "बाबू, त्या पोट्ट्याले परत बोलाव."

वसंत आला तो पांढराफटक पडून. आपले काही बिंग फुटले अशीच त्याची समजूत झाली असावी.

"हा हरसिंग," भाऊसाहेब म्हणाले. "याच्याविषयी सांग."

वसंताने असे काही पाठ केले नव्हते. "मला... त्यांचं नाव आत्ताच कळलं," तो म्हणाला. मग अडखळत: "त्यांनी पेला धरला. मग मला काहीतरी विचारलं. मुद्दाम विचारलं असेल. मी शिकवायला लागलो आणि भीती गेली. त्यांच्या शेजारी बसलं की भीती जाते."

त्या दिवसाचे त्याचे तेवढेच बोलणे पाठ केलेले नव्हते. साहेबांच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पण ते नियमाचे माणूस होते. "ते ठीक आहे. परंतु व्यक्तिमत्त्वाला गुण कसे द्यायचे? हे स्वतःविषयी एक अक्षर बोललेले नाहीत."

"काहून? बोलला की," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्या-माह्यापेक्षा जास्त बोलला."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. असे प्रसंग बाबूच्या आयुष्यात थोडे येतात. मी नियम काढून वाचला: उमेदवाराच्या बोलण्यावरून गुण द्यावेत. कोणाविषयीच्या बोलण्यावरून, ते लिहिलेले नव्हते. तसे मी सांगितले. साहेब ताटीकडे पाहत म्हणाले, "लिहा." त्यांनी सांगितलेला आकडा बरा होता, आणि मला वाटते, तो सांगताना त्यांनाही बरे वाटले.

दोघांचेही आदेश निघाले. वसंताला पांढरकवड्याची मोठी शाळा आणि वरच्या वर्गाचे गणित मिळाले. तांड्याची शाळा हरसिंगला. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण काही दिवसांनी हरसिंग आदेश कपड्यात गुंडाळून कचेरीत आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"बाबूजी, हे माह्यंच हाय काय?"

"नाव तुझंच आहे की."

"आर्णीकडं अजून एक हरसिंग राठोड हाय. त्याचं तं नसन? मी तिथं काहीच बोललो नाही जी. वसंताचंच सांगून आलो. मले मास्तर असल्यासारखं वाटून नाही राह्यलं. पोरं 'गुर्जी' म्हणतीन अन् मी मागं पाहीन, कोणाले म्हणून राह्यले."

नेमणूक झालेले बरेच लोक असे खात्री करून घ्यायला येत, हे मी त्याला सांगितले. न येणारेही असत. ते हजर होण्याआधी बदलीचा अर्ज देत. मग मी त्याला वडिलांची आणि 'अक्षर बरं आहे'ची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

"म्हणजे तुमचेबी कारभारी होते," हरसिंग म्हणाला.

हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. "होते," मी म्हणालो. "आणि मला अजून बाबू असल्यासारखं वाटत नाही. पगार मात्र होतो."

तो हसला, आदेश पुन्हा कपड्यात गुंडाळला आणि हजर व्हायला गेला.

भाऊसाहेबांना ही नवी पद्धत इतकी पटली की पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तीच चालू केली: प्रत्येकाने शेजारच्या उमेदवाराविषयी सांगायचे. पण यवतमाळात काही झाकून राहत नाही. उमेदवार जोड्या जमवूनच आले. कचेरीसमोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर कोणी कोणाला काय म्हणायचे ते सकाळीच ठरे. त्या वर्षी जिल्ह्यात एकाहून एक थोर माणसे निघाली. एकाने तर शेजाऱ्याच्या निर्व्यसनीपणाचे डोळ्यांत पाणी आणून वर्णन केले. तो शेजारी मोटार चुकल्यामुळे आलाच नव्हता. साहेबांनी ही पद्धत बंद केली आणि माझा जुना प्रश्न पुन्हा कामावर रुजू झाला.

हरसिंग शाळेत टिकला. कुडाची भिंत जाऊन मातीची आली. पटावर मुलीही दिसू लागल्या. कारभारी बाजाराच्या दिवशी कचेरीत डोकावून शाळेचे सगळे सांगून जाई, अर्थात हरसिंगच्या वतीने. छप्पर तेवढे गवताचेच राहिले होते आणि हरसिंगने त्यासाठी कवेलूंची, म्हणजे कौलांची, मागणी केली होती.

साठीचे दशक सरत आले तेव्हा माझी हेडबाबूच्या जागेसाठी शिफारस झाली. बढतीसाठीही समितीपुढे बसावे, असा नवा नियम आला होता. मी रोजच्या टेबलावरून उठलो, चार पावले चाललो आणि समोरच्या खुर्चीवर बसलो. तिथून ती खोली मी कधी पाहिलीच नव्हती. फार मोठी दिसत होती.

भाऊसाहेब दुसऱ्यांदा निवडून आलेले. साहेब तेच, ऊनही तेच. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वतःविषयी थोडे सांगा."

माझाच प्रश्न. हजार वेळा ऐकलेला. मी तोंड उघडले आणि आत काहीही नव्हते. फक्त ती जुनी धाकधूक: हे कोण? यांना कोणी घेतले? मी खाली पाहू लागलो.

भाऊसाहेब दाराकडे पाहून ओरडले, "बाहीर कोण हाय रे?"

व्हरांड्यात हरसिंग गुरुजी होते. कवेलूंच्या चौकशीला आलेले. ते आत आले, रामराम घातला आणि या वेळी सांगण्याआधीच खुर्चीवर नीट बसले.

"गुर्जी, आमच्या बाबूचं सांगा," भाऊसाहेब म्हणाले.

"सांगतो ना जी," गुरुजी म्हणाले. "लय चांगला माणूस. मी माहा आदेश वापस कराले आलतो, यायनं हसवून पाठवलं. खेड्यातल्या माणसाले बस म्हणतात. अन् पोटात गोष्ट ठेवतात. आमच्या कवेलूचा कागद मी किती डाव इचारला. म्हणतात, 'पुढं पाठवला.' कोणाच्या टेबलावर अडून हाय, त्याचं नाव सांगत नाहीत. मले शिपायानं सांगतलं, पण यायच्या तोंडून कधी निंघालं नाही."

साहेबांनी कोपराखालची फाईल हळूच सरकवली. भाऊसाहेबांना खोकल्याची उबळ आली. मी मान वर केली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मला वाटले की कोणी येऊन विचारलेच, तर उत्तर देणारे माणूस आहे.

माझ्या बढतीचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. कवेलू दोन पावसाळ्यांनंतर पोचले.